बाकाच्या पलीकडची

१

सकाळी सहाला टिटवी मागचं दार उघडायची आणि तिथून पुढचं सगळं ठरलेलं असायचं. शेडच्या दारात एक बुटका लाकडी बाक आडवा टाकलेला होता. बाकाच्या अलीकडे घर, रस्ता, बाजार, सगळं जग. पलीकडे आईच्या बावीस कोंबड्या. अलीकडे चपला काढायच्या, बाकावर बसायचं, पाय जमिनीला न टेकवता पलीकडे फिरवायचे, तिथले गमबूट चढवायचे, औषधाच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात दोन्ही बूट बुडवायचे आणि मगच जाळीचं दार उघडायचं. पलीकडचे बूट कधी अलीकडे यायचे नाहीत. अलीकडची चप्पल कधी पलीकडे जायची नाही.

पहिल्या दिवशी हा प्रकार बघून वहिनी पोट धरून हसली होती. "ताई, कोंबड्यांना भेटायला निघालात की घोड्यावर बसायला?"

"हस तू. तळ्यापलीकडे दोन फार्म रिकामे केलेत. एका कोंबडीला बर्ड फ्लू निघाला की सगळ्या मारतात. आजारी आणि धडधाकट, एकाच खड्ड्यात."

वहिनीचं हसू मावळलं होतं. आई आपल्या खोलीतून म्हणाली होती, "टिटवी ओरडली म्हणजे तिने काहीतरी बघितलेलं असतं गं. ऐक तिचं."

लहानपणी साप, धूर, अनोळखी माणूस, काहीही दिसलं की ही घर डोक्यावर घ्यायची, म्हणून टिटवी. शिकायला सहा वर्षं दूर राहून आली, दोन पदव्या घेऊन आली, तरी घरात पाऊल टाकताच पुन्हा टिटवीच झाली. तिला ते आवडलं होतं.

त्या दिवशीही तिने बाकावर बसून पाय फिरवले आणि उजवा पाय गमबुटात घातला.

बूट उबदार होता.

उन्हाने तापतो तसा नाही. ऊन अजून भिंतीच्या वरही आलं नव्हतं. एखाद्याने आत्ताच उठून जागा दिली की खुर्ची जशी लागते, तसा. तिने डावा पाय घातला. तोही तसाच.

रबर आहे, तिने मनाला सांगितलं. रबर ऊब धरून ठेवतं. आणि घमेल्यात बूट बुडवून ती आत गेली.

२

तिने या शेडमध्ये जीव ओतला होता. चिमणीही शिरणार नाही अशी बारीक जाळी चहूबाजूंनी ठोकली. वरून जाणाऱ्या पाखरांची विष्ठा आत पडू नये म्हणून छपरावर ताडपत्री ताणली. खाद्याला झाकणाचा डबा आणला, पाण्याची भांडी उघड्यावरून आत घेतली. जाळीच्या दाराला एक वही लटकवली: कोण आलं, किती वाजता, कोंबड्या कशा आहेत. एक अंगण नीट सांभाळून दाखवलं की गल्ली शिकेल, गल्लीवरून वस्ती शिकेल, असं ती जेवताना हातवारे करून सांगायची. वहिनी तिच्या ताटात वाढत म्हणायची, "आधी जेवा. मग वस्ती."

पण एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती.

ती परत आली त्या पहिल्या संध्याकाळी वहिनी अंगणात उकिडवी बसली होती, आणि कोंबड्या तिच्या अंगावर चढत होत्या. भुरी खांद्यावर, तांबडी मांडीत, पांढरी तलंग, अजून अंडंही न दिलेली, तिच्या पदराखाली डोकं खुपसून. आणि खिडकीतून आई बघत होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून आईचं जग त्या एका खिडकीएवढं झालं होतं. टिटवीने चार वर्षांपूर्वी फोनवर ते ऐकलं होतं, परीक्षा होती, आली नव्हती. वहिनी होती. आईला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, कोंबड्या, सगळं वहिनीने केलं. आई त्या संध्याकाळी ज्या नजरेने वहिनीकडे बघत होती, ती नजर टिटवीने ओळखली. ती पूर्वी तिची असायची.

म्हणून, गमबूट घेताना दुकानदार म्हणाला, "दोन जोड घ्या, घरात बाया दोन आहेत," तेव्हा तिने एकच घेतला. आपल्या मापाचा. वहिनीचा पाय दोन नंबरांनी मोठा होता. घरी येऊन तिने सांगितलं की आत एकच माणूस गेलेलं बरं, जितकी ये-जा कमी तितका धोका कमी. नियम शास्त्राला धरूनच होता. खोट फक्त बुटाच्या मापात होती.

वहिनीने हातातला खाद्याचा मग टिटवीपुढे धरला होता, एवढंच.

आता महिना झाला होता आणि एकही कोंबडी टिटवीच्या अंगावर चढली नव्हती. रस्त्यात अनोळखी माणूस आला की आपण जरा कडेने होतो, तशा त्या तिला वाट द्यायच्या. खिडकी शेडच्या आतच उघडत होती, टिटवी मुद्दाम तिथे घुटमळायची, आजाराची लक्षणं आईला समजावून सांगायची: तुरा निळा पडतो, डोकं सुजतं, कोंबडी गप्प होते. आई हं हं करायची आणि विचारायची, "ती कुठाय? तिला बोलाव ना जरा, उशी सरकवायचीय."

बूट उबदार लागले त्या सकाळी टिटवीने भांड्यात खाद्य ओतलं. एकही कोंबडी पुढे आली नाही. तिने भुरीला उचलून गळ्याखालच्या पिशवीवर बोट फिरवलं. सकाळी ती पिशवी मऊ, रिकामी लागते. रात्रीत सगळं पचलेलं असतं.

भुरीची पिशवी टच्च भरलेली होती. सगळ्यांच्याच भरलेल्या होत्या.

३

"वहिनी, आत कोण गेलं होतं?"

वहिनी नळाखाली भांडी घासत होती. "कुठे आत?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. माझ्या आधी कोणीतरी त्यांना खायला घातलंय."

वहिनीने हात पुसले, चप्पल काढली आणि आपला रुंद, भेगाळलेला तळपाय टिटवीच्या नाजूक पावलाशेजारी ठेवला. "हा पाय तुमच्या त्या बुटात घालून दाखवा. शिरला तर आजपासून मी तुमची दासी."

"मग अनवाणी गेली असशील."

"ताई," वहिनीचा आवाज खाली आला, "कोंबड्यांवरून मला तोडलंत, मी ऐकून घेतलं. चोर म्हणू नका. आणि आत तुम्हीच तर होतात. सहाच्या आधी. मी पाणी भरायला उठले तेव्हा तुमचा आवाज येत होता, आईंशी बोलत होतात."

"मी सहाला उठले."

"बरं. मग मी स्वप्नात पाणी भरलं."

टिटवी तणतणत आईच्या खोलीत गेली. आई खिडकीकडे तोंड करून पडली होती आणि तिचा चेहरा इतका निवांत होता की टिटवी दारातच थांबली. महिन्याभरात तिने तो असा पाहिला नव्हता.

"ये," आई म्हणाली. "सकाळी किती दिवसांनी पोटभर बोललीस गं. नाहीतर येतेस आणि नुसतं रोगाचं पुराण लावतेस. मला तर वाटायला लागलं होतं, माझी टिटवी तिकडेच राहिली."

"मी काय बोलले?"

"आता माझी परीक्षा घेतेस का? तुझ्या बाबांनी खुराडं बांधलं तो दिवस. तू आतच जाऊन बसलीस आणि बाहेर यायला तयार नव्हतीस. मी विसरले होते बघ. तुला किती बारीकसारीक आठवतं!"

टिटवीला तो दिवस आठवत नव्हता. तिने प्रयत्न केला. खुराडं आठवलं, बाबांची हातोडी आठवली. आत बसलेली मुलगी आठवेना.

आईचं वय झालं, तिने मनाशी म्हटलं. स्वप्न आणि जाग यांची सरमिसळ होते. आणि वहिनी त्याचा फायदा घेते, माझा आवाज काढते. हा विचार तिला पटला नाही, पण सोयीचा वाटला. रागाला कुणीतरी समोर लागतं.

४

तिने जाळीच्या दाराला कुलूप आणलं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. संध्याकाळी कोंबड्या आत घेतल्यावर बाकापासून खिडकीपर्यंत जमिनीवर चाळणीने चुन्याची भुकटी पसरली, पातळ, सारखी, ओटीवर रांगोळीसाठी जमीन करतात तशी. चुना तसाही निर्जंतुक करायला चांगला. तिला कारण तयार ठेवायची सवय होती.

सकाळी कुलूप जागेवर होतं. किल्ली गळ्यात होती. बूट बाकाखाली, टाचा भिंतीला लावून, ती ठेवते तसेच.

चुन्यात ठसे होते.

गमबुटाचे, खवल्याखवल्यांचे, स्पष्ट. बाकापासून निघून ते बंद जाळीच्या दारापर्यंत गेले होते आणि दाराच्या पलीकडून तसेच पुढे. बसायच्या दांड्यांखालून फिरले होते, अंड्यांच्या खोक्यांपाशी थांबले होते, मग आईच्या खिडकीखाली. तिथे चुना पार तुडवून घट्ट झाला होता. कोणीतरी तिथे बराच वेळ उभं होतं, या पायावरून त्या पायावर.

परत येणारा एकही ठसा नव्हता.

टिटवी बाकावर बसून राहिली. वारा, तिने म्हटलं. कोंबड्यांनी उकरलं असेल. पण वारा फक्त परतीचे ठसे कसे पुसेल, आणि कोंबड्या तर दांड्यांवरून उतरल्याच नव्हत्या. त्या सगळ्या ओळीने बसल्या होत्या आणि तिच्याकडे बघत होत्या. तिच्याकडेही नाही. तिच्या पायांकडे.

तिने वही ओढली. कालच्या तिच्या नोंदीखाली एक नवी ओळ होती.

"५.४०. सगळ्या ठीक. पांढरीने पहिलं अंडं दिलं. आईची उशी खिडकीतून हात घालून सरकवली."

अक्षर तिचं होतं. 'आ'च्या पोटातला तो छोटा वळसासुद्धा तिचा. फक्त आकडे देवनागरी होते. ती सवय तिची तिकडे जाऊन सुटली होती. सहा वर्षांत तिने देवनागरी आकडा लिहिला नव्हता.

भीती वाटायला हवी होती. वाटलीही, मानेवरून एक थंड बोट फिरलं. पण त्याच्या खालून जे वर आलं ते भीतीपेक्षा जुनं आणि ओळखीचं होतं. पांढरीचं पहिलं अंडं. महिनाभर ती त्याची वाट बघत होती. ते हातात घेऊन खिडकीतून आईला दाखवायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

खोक्यात अंडं नव्हतं. आईच्या खिडकीच्या कट्ट्यावर होतं. आईने त्यावर तळवा ठेवला होता.

"कशाला परत आलीस?" आई हसून म्हणाली. "आत्ताच तर दिलंस."

५

घमेल्यातलं औषध संपत आलं होतं म्हणून ती दुपारी बाजारात गेली. खरं तर तिला घरात थांबवत नव्हतं.

पिंजऱ्यांच्या गल्लीत पाय टाकू नका, असं ती साऱ्या शेजाऱ्यांना बजावत आली होती. तिथे दहा ठिकाणचे पक्षी एकावर एक रचलेले असतात. पण औषधांचं दुकान त्याच गल्लीच्या टोकाला होतं आणि वळसा घालायचा तर अर्धा तास. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: ती आत्ता आत असेल का? दुपारीही येत असेल का? ती गल्लीतून सरळ गेली. कुणीतरी पिंजरे धुतलेलं पाणी भिरकावलं आणि तिच्या चपला भिजल्या, पिसं चिकटली. तिने लक्ष दिलं नाही.

परतली तेव्हा पशुवैद्य फाटकातून बाहेर पडत होते. तोंडावर मुसकं, हातात नमुन्यांची पेटी. तिला बघून ते दचकले.

"अहो, तुम्ही? एवढ्यात बाहेर कशा आलात?"

"मी आत्ता येतेय. बाजारातून."

ते हसले, मग हसू अर्ध्यावर राहिलं. "आत्ता जाळीतून माझ्याशी बोललात की. अर्धा तास! खरं सांगतो, आज पंचवीस घरं फिरलो, अशी व्यवस्था कुठे बघितली नाही. मी आईंना म्हटलं, मुलीने नाव काढलं तुमचं."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाल्या, ती कुठे जात नाही हो मला सोडून." पशुवैद्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. "पिंजऱ्यांच्या गल्लीतून आलात? तिथे सकाळी तीन पिंजरे मेलेले निघाले. गल्ली सील करताहेत. या चपला जाळून टाका. अंघोळ करा. आणि शेडकडे फिरकू नका, आत कोणी आहे ना बघायला?"

सहा वर्षं. त्यासाठीच तर ती गेली होती. हेच वाक्य कुणीतरी आईपुढे म्हणावं म्हणून: मुलीने नाव काढलं. ते म्हटलं गेलं, आणि ते दुसरीला म्हटलं गेलं.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही इथे आहात. मग आत कोण बोलतंय?"

"तू नव्हतीस?"

"आईच्यान, मी गेले दोन तास या दारात उभी आहे. तिकडे जायची हिंमत होत नाहीये." वहिनीने तिचा दंड धरला. "दोघी इथेच थांबू. तुमचे दादा येऊ देत कामावरून. ताई, ऐका माझं एकदा."

महिन्याभरात वहिनीने तिला प्रथमच हात लावला होता. हात घामाने ओला होता. टिटवीने तो सोडवून घेतला.

६

ऊन उतरलं होतं. ताडपत्रीखाली पिवळसर, मऊ उजेड होता.

बाकाखाली बूट नव्हते.

आतून आवाज येत होता. कोंबड्या पोटभर खाऊन, ओळखीच्या माणसाजवळ, डोळे अर्धे मिटून जो घशातल्या घशात आवाज काढतात, तो. बावीस गळ्यांतून एकदम. तिच्यासाठी तो आवाज त्यांनी कधीच काढला नव्हता. आणि त्या आवाजावरून आईचं हसणं. आई खुदुखुदु हसत होती, खुबा मोडायच्या आधीसारखी.

टिटवी बाकावर बसली. जाळीतून बघितलं.

खिडकीखाली कोंबड्यांचा ढीग होता. एकीवर एक, पंखात पंख. ढिगाखाली कोणीतरी मांडी घालून बसलेलं होतं, कारण दोन गमबुटांची टोकं बाहेर आली होती. एक हात दिसत होता, पांढरीच्या पाठीवरून सावकाश फिरणारा. आणि मानेवरून खाली आलेली एक जाड वेणी, कंबरेपर्यंत. टिटवीचा हात आपोआप स्वतःच्या आखूड केसांकडे गेला. तिने ती वेणी तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात कापली होती.

हात थांबला. ढिगातलं काहीतरी वळू लागलं, सावकाश, कोंबड्यांची झोप मोडू नये अशा बेताने.

नियम तिला तोंडपाठ होता. बाहेरून आलेल्या पक्ष्याला तीन आठवडे वेगळं ठेवायचं. बाहेरची चप्पल पलीकडे जाता कामा नये. पाय भिजलेले होते, चपलेच्या पट्ट्याला कुणाचं तरी करडं पीस चिकटलेलं होतं. ती उठून मागे फिरली असती तर आत सगळं होतं तसं राहिलं असतं. बावीसच्या बावीस. आई हसत. आणि ती अलीकडे.

"माझी आई आहे," टिटवी म्हणाली. किती लहान आवाज होता तो.

तिने बाकावरून पाय फिरवले. चपलांसकट. घमेलं तिने ओलांडलं. गळ्यातल्या किल्लीने कुलूप काढलं आणि जाळीचं दार ढकललं.

कोंबड्या फडफडत उधळल्या, पिसांचा आणि चुन्याचा लोट उठला. तो खाली बसला तेव्हा खिडकीखाली फक्त गमबूट उभे होते, टोकं खिडकीकडे करून.

तिने घाईघाईने चपला काढल्या आणि त्यात पाय घातले. बूट उबदार होते. आता ऊब तिची होती. ती मांडी घालून तिथेच बसली आणि थांबली. आधी भुरी आली. मग तांबडी. मग एकेक करून सगळ्या, खांद्यावर, मांडीत, हातावर, जड, गरम. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

वरून खिडकीतून आईचा हात खाली आला आणि तिच्या केसांवर फिरला. कंबरेपर्यंत फिरला, जणू तिथवर केस होते.

"टिटवी," आईने हळूच विचारलं, "ती बाहेरून आलेली मुलगी गेली का गं?"

टिटवीने घराच्या दाराकडे पाहिलं. वहिनी तिथे उभी होती, तोंडावर हात घेऊन, आणि ओळख पटत नसल्यासारखी बघत होती.

"गेली, आई," टिटवी म्हणाली.

"बरं झालं. मला भीती वाटायची तिची. पण तिच्या चपला बघ, इथेच राहिल्यात."

टिटवीने मान वळवली. पांढरी तेवढी तिच्या अंगावर आली नव्हती. ती त्या ओल्या चपलांवर उभी होती, पट्ट्याचं करडं पीस टोचून बघत, आणि बाकीच्या एकवीस जणींच्या त्या तृप्त आवाजात ती एकटी गप्प होती.